रक्ताळलेला लिफाफा : बेलफास्टच्या क्लोनार्ड मठाचे प्रकरण

१९ मार्च १९८८, शनिवार. उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्ट, तिच्या पश्चिम भागात एक अंत्ययात्रा चालली होती. तीन दिवसांपूर्वी मिलटाउन दफनभूमीत आयआरएच्या, म्हणजे ब्रिटनची सत्ता घालवून आयर्लंड एक करायला निघालेल्या सशस्त्र संघटनेच्या, तीन सदस्यांच्या अंत्यविधीवर मायकेल स्टोन नावाच्या लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटननिष्ठ प्रोटेस्टंट, बंदूकधाऱ्याने हातबॉम्ब फेकले होते आणि गोळ्या झाडल्या होत्या. त्यात तिघे मेले. त्यांच्यापैकी एकाची ही अंत्ययात्रा. तेवढ्यात एक मोटार गर्दीत घुसली. आत साध्या वेशातले दोन ब्रिटिश सैनिक होते. पुन्हा हल्ला झाला असे समजून जमाव मोटारीवर तुटून पडला. दोघांना बाहेर ओढले, मारहाण केली, कपडे फाडले आणि जवळच्या मोकळ्या जागेत नेऊन गोळ्या घातल्या.

त्या गर्दीत क्लोनार्ड मठाचे एक कॅथलिक धर्मगुरू होते, फादर ॲलेक रीड. सैनिक अजून जिवंत असताना ते दोघांच्या मध्ये जमिनीवर आडवे झाले, दोघांना कवेत घेतले आणि रुग्णवाहिका बोलवा म्हणून ओरडले. त्यांना उठवून हाकलण्यात आले. पुन्हा मध्ये पडलास तर तुलाही गोळी, अशी धमकी मिळाली. गोळ्यांचा आवाज ऐकून ते परत धावले. एकाचा श्वास चालू आहे असे वाटून त्यांनी तोंडाने श्वास देण्याचा प्रयत्न केला. मग दोघांना अंत्याभ्यंग, म्हणजे मरणाऱ्याला तेल लावून देतात तो संस्कार, दिले. विवस्त्र प्रेताशेजारी गुडघे टेकलेला, ओठांवर रक्त लागलेला धर्मगुरू, हे छायाचित्र त्या दिवसानंतर जगभर गेले.

छायाचित्रात न दिसणारी एक गोष्ट त्यांच्याजवळ होती. एक लिफाफा. आत आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षाची राजकीय भूमिका मांडणारे कागद होते आणि ते डेरी शहरी जॉन ह्यूम या अहिंसावादी कॅथलिक नेत्याच्या हाती द्यायचे होते. लिफाफ्यावर रक्ताचे डाग पडले. रीड यांनी नवा लिफाफा घेतला, कागद त्यात घातले आणि ते त्याच दिवशी पोचवले.

हे प्रकरण मी निवडले ते या लिफाफ्यामुळे. शांतीविषयी बोलणारी चर्च पुष्कळ असतात. खून डोळ्यांसमोर झाल्यावर, ज्या संघटनेच्या माणसांनी तो केला तिच्याशी जोडलेल्या पक्षाचे कागद त्याच दुपारी पुढे नेणे ही वेगळी गोष्ट आहे. ती कशी शक्य झाली, तिची किंमत कोणी मोजली आणि तिने काय साधले, हे पाहण्याजोगे आहे.

मठ कुठे उभा आहे

१९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेकडचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. तिथे प्रोटेस्टंट बहुसंख्य होते आणि बहुतेकांना ब्रिटनमध्येच राहायचे होते; ते युनियनिस्ट. कॅथलिक अल्पसंख्य होते आणि त्यांना एकसंध आयर्लंड हवे होते, ते नॅशनलिस्ट. घरवाटप, नोकऱ्या, स्थानिक मतदान यांत कॅथलिकांवर अन्याय होत होता. १९६८ मध्ये नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली, १९६९ मध्ये दंगली झाल्या आणि ब्रिटिश लष्कर रस्त्यावर आले. मग आयआरए, लॉयलिस्ट टोळ्या, लष्कर, पोलीस. जेमतेम १५ लाखांच्या प्रदेशात तीस वर्षांत सुमारे ३,५०० माणसे मारली गेली.

भांडण देशाचे आणि सत्तेचे होते, पण माणसे ओळखली जात ती चर्चवरून. कोणत्या शाळेत शिकलात, कोणत्या गल्लीत राहता, नाव काय, एवढ्यावरून समोरचा तुमचा पंथ ताडत असे. दोन्हीकडचे लोक रविवारी त्याच प्रभूची प्रार्थना म्हणत. पाळक इयन पेस्ली यांनी १९५१ मध्ये फ्री प्रेस्बिटेरियन चर्च स्थापले आणि पुढे तेच युनियनिस्ट राजकारणातला सर्वांत कडवा आवाज झाले. म्हणून या प्रकरणात चर्चला तटस्थ पंचाच्या जागी बसवता येत नाही. दुखण्यात तिचाही भाग होता.

क्लोनार्ड मठ रिडेम्प्टोरिस्ट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचा. तो पश्चिम बेलफास्टमध्ये कॅथलिकांच्या फॉल्स रोड आणि प्रोटेस्टंटांच्या शँकिल रोड यांच्या मधोमध आहे. शेजारीच बॉम्बे स्ट्रीट. ऑगस्ट १९६९ मध्ये त्या गल्लीतली कॅथलिकांची घरे जाळली गेली. त्यानंतर दोन वस्त्यांच्या मध्ये पत्रा आणि तारा उभ्या राहिल्या, पुढे त्यांची उंच भिंत झाली. निरंतर सहाय्य मातेच्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, हजारो लोक येणारा हा मठ त्या भिंतीला अगदी लागून आहे.

रीड यांचा जन्म १९३१ चा. टिपरेरी परगण्यातल्या नीना गावी ते वाढले आणि १९५७ मध्ये त्यांची गुरुदीक्षा झाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते क्लोनार्डला आले. पुढे तुरुंगातल्या आयआरएच्या कैद्यांना ते नियमाने भेटत. १९७० च्या दशकात आयआरएचे दोन गट एकमेकांच्या जिवावर उठले तेव्हा त्यांच्यात समेट घडवायला ते गेले. आयआरएच्या माणसांना ते नावानिशी ओळखत होते, आणि ती माणसेही त्यांना ओळखत होती. पुढचे सगळे या ओळखीवर उभे आहे.

निषेध पुरत नव्हता

बिशपांनी आयआरएचा निषेध वारंवार केला, आणि तो करायलाच हवा होता. पण १९८० च्या दशकापर्यंत त्या निषेधाला काही धार उरली नव्हती. आयआरएतला कॅथलिक तरुण तो निषेध मिस्सेत ऐके आणि संध्याकाळी कामाला लागे. त्याच्या मनात हिशेब पक्का होता : अन्याय खरा आहे, राजकारणाने काही मिळाले नाही, तेव्हा बंदूकच उरते. या हिशेबाला उत्तर दिल्याशिवाय 'हिंसा पाप आहे' हे वाक्य त्याच्यापर्यंत पोचणारच नव्हते.

हे आधीही काहींच्या लक्षात आले होते. डिसेंबर १९७४ मध्ये प्रोटेस्टंट पाळकांचा एक गट क्लेअर परगण्यातल्या फीकल गावी आयआरएच्या नेत्यांना गुपचूप भेटला. त्या भेटीनंतर काही काळ शस्त्रबंदी झाली. ती टिकली नाही, पण पाळक आणि बंदूकधारी एका टेबलाशी बसू शकतात हे दिसले.

रीड यांनी प्रश्न उलटा धरला. थांबा, असे ते सांगत बसले नाहीत. थांबायला तुम्हाला काय लागेल, असे त्यांनी विचारले. शिन फेनचे गेरी ॲडम्स आणि इतरांकडून जे उत्तर मिळत गेले त्याचा गाभा असा होता : बंदुकीची जागा घेऊ शकेल असा राजकीय मार्ग दाखवा. आयर्लंडमधले सगळे नॅशनलिस्ट पक्ष आणि डब्लिनचे, म्हणजे स्वतंत्र दक्षिण आयर्लंडचे, सरकार एकत्र येऊन काही मांडणार असतील, तर आम्ही आमच्या माणसांपुढे जाऊ शकतो.

आपण पुढच्या मरणाऱ्या माणसाच्या वतीने बोलतो, असे रीड म्हणत. मला हे फार मोलाचे वाटते. मेलेल्यांच्या वतीने बोलणारे दोन्हीकडे भरपूर होते आणि त्यांच्या दुःखातूनच पुढचा बदला जन्म घेत होता. पुढचा मरणारा कोणत्या बाजूचा असेल हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे त्याचा वकील आपोआप दोन्ही बाजूंचा होत असे.

पत्रे, खोल्या, निरोप

१९८६ मध्ये रीड यांनी पत्रे लिहिली. एक जॉन ह्यूम यांना. ते एसडीएलपी या अहिंसक नॅशनलिस्ट पक्षाचे नेते. दुसरे चार्ल्स हॉही यांना. ते तेव्हा डब्लिनमध्ये विरोधी पक्षनेते होते आणि १९८७ मध्ये पंतप्रधान झाले. मजकुराचा रोख एकच : शिन फेनशी थेट बोला, पर्याय दिसला तर आयआरए थांबू शकते.

हॉही यांना ॲडम्सना भेटणे राजकीयदृष्ट्या परवडणारे नव्हते. त्यांनी आपले सल्लागार मार्टिन मॅन्सर यांना पुढे केले. १९८८ मध्ये हॉही यांच्या फियाना फॉल पक्षाची आणि शिन फेनची माणसे डंडॉकच्या रिडेम्प्टोरिस्ट मठात दोनदा भेटली. त्याच वर्षी जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत ह्यूम आणि ॲडम्स यांच्या पक्षांत चर्चेच्या फेऱ्या झाल्या. सैनिकांचे खून या फेऱ्यांच्या मधल्या मार्चमध्ये झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे तो लिफाफा त्या दिवशी पोचणे किती नाजूक होते ते कळते.

मठाने इथे नेमके काय पुरवले? आधी जागा. धर्मगुरूकडे माणसे येतात-जातात, त्यात बातमी नसते. दुसरे म्हणजे गुप्तता. पापनिवेदन ऐकणारा माणूस तोंड उघडत नाही हे आयआरएलाही ठाऊक होते आणि मंत्र्यांनाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते : नाकारता येण्याची सोय. चर्चा फिसकटली तर हॉही म्हणू शकत होते, आम्ही कोणाशी बोललोच नाही, एक फादर काहीतरी खटपट करत होते. अपयशाचा सगळा बोजा घ्यायला एक माणूस तयार होता. त्याला निवडणूक लढवायची नव्हती आणि पुढे कोणते पदही नको होते. संघातल्या वरिष्ठांनी त्यांना मागे खेचले नाही, हेही यात धरले पाहिजे. एकट्या माणसाला हे वर्षानुवर्षे निभले नसते.

सप्टेंबर १९८८ मध्ये दोन पक्षांची अधिकृत चर्चा निष्पन्नाविना संपली. कोणीही म्हटले असते, संपला विषय. रीड निरोप नेत-आणत राहिले. ह्यूम आणि ॲडम्स यांचा संवाद गुपचूप चालू राहिला.

वादाचा खरा काटा एका शब्दात होता : स्वयंनिर्णय. आयआरएचे म्हणणे, सगळ्या आयर्लंडच्या लोकांनी मिळून भविष्य ठरवावे. युनियनिस्टांचे म्हणणे, उत्तरेतल्या बहुमताच्या संमतीवाचून काही बदलता कामा नये. ही दोन वाक्ये एकमेकांना छेदतात. नोव्हेंबर १९९० मध्ये उत्तर आयर्लंडचा कारभार पाहणारे ब्रिटिश मंत्री पीटर ब्रुक यांनी जाहीर सांगितले की उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनला सामरिक वा आर्थिक स्वार्थ नाही. शिन फेनच्या मांडणीतला एक खांब त्याने हलला : ब्रिटन स्वार्थासाठी चिकटून नसेल, तर मन वळवायचे आहे ते उत्तरेतल्या दहा लाख प्रोटेस्टंटांचे, आणि बॉम्बने मन वळत नाही.

भिंतीपलीकडचे

रीड यांची ओळख मुख्यतः आपल्या बाजूच्या माणसांशी होती. पलीकडे जाण्याचे काम मठातल्या दुसऱ्या एका धर्मगुरूंनी अंगावर घेतले, फादर गेरी रेनल्ड्स. १९८१ मध्ये फिट्झरॉय हे प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) चर्च आणि क्लोनार्ड यांची एक संयुक्त मंडळी सुरू झाली होती. फिट्झरॉयचे पाळक केन न्यूवेल. दोन्हीकडचे सभासद एकत्र बसून बायबल वाचत आणि ज्या शिकवणुकींवरून शतकानुशतके भांडत आले त्यांवर बोलत. ऐकायला साधे वाटते. पण कॅथलिकांबरोबर प्रार्थना करणाऱ्या प्रेस्बिटेरियन पाळकाला त्याच्याच लोकांनी धर्मद्रोही ठरवण्याचा तो काळ होता.

त्या ओळखीतून पुढे एक दार उघडले. १९९० पासून न्यूवेल आणि आणखी काही प्रोटेस्टंट पाळक क्लोनार्डमध्ये ॲडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांना गुपचूप भेटू लागले. युनियनिस्ट माणसाची भीती काय असते हे शिन फेनच्या नेत्यांना समोरासमोर ऐकायला मिळाले. दहा वर्षे बायबल एकत्र वाचले नसते तर एवढा विश्वास आयत्या वेळी कुठून आला असता?

लॉयलिस्ट बाजूला हेच काम पाळक रॉय मॅगी करत होते. तेही प्रेस्बिटेरियन. लॉयलिस्ट टोळ्यांच्या म्होरक्यांना ते भेटत आणि त्यांचे म्हणणे डब्लिनपर्यंत पोचवत. चर्च ऑफ आयर्लंड या अँग्लिकन चर्चचे आर्चबिशप रॉबिन ईम्स यांचा सल्ला दोन्ही सरकारे घेत होती. म्हणजे शांतीचा एकच धागा नव्हता. प्रत्येक बाजूला तिच्याच चर्चचा एखादा माणूस उभा होता. बाहेरच्याचे न ऐकणाऱ्यांनी आपल्यातल्याचे ऐकले.

१९९३

एप्रिलमध्ये ॲडम्स ह्यूम यांच्या घरी जाताना दिसले आणि गुपित फुटले. ह्यूम यांच्यावर टीकेची झोड उठली. डब्लिनच्या वृत्तपत्रांतून महिनोन्‌महिने त्यांची निर्भर्त्सना चालू होती.

२३ ऑक्टोबरला आयआरएने शँकिल रोडवरच्या मासळीच्या दुकानात बॉम्ब लावला. तो वेळेआधी फुटला. नऊ माणसे मेली, बॉम्ब ठेवणाऱ्यांपैकीही एक मेला. त्याच्या शवपेटीला ॲडम्सनी खांदा दिला. आठवड्याने ग्रेस्टील गावातल्या पबमध्ये लॉयलिस्टांनी अंदाधुंद गोळीबार केला, त्यात आठ जणांचा बळी गेला. तिथल्या अंत्यविधीला ह्यूम गेले. मृतांपैकी एकाची मुलगी त्यांना भेटली आणि म्हणाली की आदल्या रात्री घरच्यांनी शवपेटीभोवती बसून ह्यूम यांच्या प्रयत्नांना यश यावे म्हणून प्रार्थना केली. ह्यूम तिथेच रडू लागले, कॅमेऱ्यांसमोर.

या प्रकरणातले सर्वांत खोल ख्रिस्ती कृत्य कोणते असे कोणी विचारले, तर मी त्या घरातल्या रात्रीकडे बोट दाखवेन. तिथे ना मठ होता ना मध्यस्थ.

१५ डिसेंबर १९९३ रोजी ब्रिटिश पंतप्रधान जॉन मेजर आणि आयरिश पंतप्रधान अल्बर्ट रेनल्ड्स यांनी डाउनिंग स्ट्रीट जाहीरनामा काढला. त्यात ती दोन छेदणारी वाक्ये एका वाक्यात बसवली होती : आयर्लंडच्या लोकांनी स्वयंनिर्णय करावा, पण दोन्ही भागांच्या संमतीने, उत्तरेत वेगळी, दक्षिणेत वेगळी. मॅगींकडून आलेले लॉयलिस्टांचे मुद्देही त्यात उतरले होते. ३१ ऑगस्ट १९९४ रोजी आयआरएने शस्त्रबंदी जाहीर केली. १३ ऑक्टोबरला लॉयलिस्टांनी केली, आणि त्या वेळी त्यांचे जुने नेते गस्टी स्पेन्स यांनी निरपराध बळींच्या कुटुंबांची माफी मागितली.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या डॉकलँड्समध्ये स्फोट करून आयआरएने शस्त्रबंदी मोडली. जुलै १९९७ मध्ये ती परत आली. १० एप्रिल १९९८ रोजी, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे), उत्तर आयर्लंडच्या राजकीय तोडग्याचा करार झाला. २२ मे रोजी त्यावर दोन्हीकडे एकाच दिवशी मतदान झाले : उत्तरेत ७१.१ टक्के होकार, दक्षिणेत ९४.४.

आक्षेप, आणि ते खरे आहेत

पहिला आक्षेप पीडितांचा. खुनी माणसांना मठात चहा पाजला, त्यांचे ऐकून घेतले, आणि आमच्या घरी कोण आले? नोव्हेंबर १९८७ मध्ये एनिस्किलन गावी युद्धातल्या मृतांच्या स्मृतिदिन समारंभात आयआरएच्या बॉम्बने अकरा माणसे मारली. गॉर्डन विल्सन या मेथडिस्ट गृहस्थाने ढिगाऱ्याखाली आपल्या मुलीचा हात धरला होता. ती वाचली नाही. त्याच संध्याकाळी ते म्हणाले की त्यांच्या मनात कोणाविषयी आकस नाही. जगाने त्यांना डोक्यावर घेतले. पण इतर कुटुंबांपैकी सगळ्यांना ते रुचले नाही, आणि तसे वाटण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. १९९३ मध्ये विल्सन स्वतः आयआरएच्या माणसांना भेटले आणि थांबा म्हणून विनवले. ते रित्या हाताने परतले. क्षमा केल्याने समोरचा बदलतोच असे नाही. त्या भेटीला अपयश म्हणताना माझी जीभ मात्र अडखळते.

दुसरा आक्षेप राजकीय. या संवादाने शिन फेनला प्रतिष्ठा दिली. अहिंसेवर एकदाही न डगमगलेला ह्यूम यांचा पक्ष मागे पडला. २००१ च्या निवडणुकीत शिन फेनने त्याच्याहून जास्त मते घेतली. ह्यूम यांना हे दिसत नव्हते असे नाही. माणसे वाचणार असतील तर पक्षाचे काय व्हायचे ते होवो, असाच त्यांच्या वागण्याचा अर्थ होतो. १९९८ चे शांततेचे नोबेल त्यांना युनियनिस्ट नेते डेव्हिड ट्रिंबल यांच्यासोबत मिळाले. पक्षाची झीज भरून आली नाही.

तिसरा आक्षेप गुप्ततेवर. मतदारांच्या मागे धर्मगुरूंनी राजकारण करावे का? मला वाटते, रीड यांनी निर्णय घेतले असते तर हा आक्षेप निर्णायक ठरला असता. त्यांनी माणसे भेटवली, कागद नेले, मसुद्यांवर मते दिली. शेवटचा शब्द मतपेटीत पडला.

फिट्झरॉयचे सभागृह

सप्टेंबर २००५ मध्ये आयआरएने शस्त्रे कायमची निकामी केली. त्यावर देखरेख करणाऱ्या जनरल जॉन डी शास्तलेन यांच्या आयोगाबरोबर दोन स्वतंत्र साक्षीदार होते, फादर रीड आणि मेथडिस्ट पाळक हॅरल्ड गुड. शेवटी पहाऱ्यावरच्या तरुणाने आपली बंदूकही सोपवली तेव्हा रीड गुड यांच्या कानात म्हणाले, आयरिश राजकारणातली ही शेवटची बंदूक गेली, अशी आठवण गुड यांनी पुढे सांगितली.

गोष्ट इथे थांबवता आली असती. पण काहीच दिवसांनी, ऑक्टोबरमध्ये, रीड फिट्झरॉय चर्चच्या सभेत बोलत होते. तेच फिट्झरॉय, ज्याच्याशी क्लोनार्डची चोवीस वर्षांची सोबत होती. श्रोत्यांत आयआरएच्या हिंसेत आपली माणसे गमावलेले लोक होते. त्यांनी कडक शब्दांत जाब विचारला. रीड यांचा तोल गेला. युनियनिस्टांनी कॅथलिकांना माणसासारखे वागवले नाही, असे म्हणता म्हणता त्यांनी युनियनिस्टांची तुलना नाझींशी केली. सभागृह पेटले. रीड यांनी लगेच माफी मागितली. रागाच्या भरात बोललो म्हणाले. पण शब्द गेले होते, आणि त्यांच्या साक्षीवर संशय घ्यायला टपलेल्यांना आयते कोलीत मिळाले.

हा प्रसंग गाळून रीड यांची थोरवी सांगणारे लेख मला अपुरे वाटतात. दोन सैनिकांना कवेत घेणाऱ्या माणसाच्या आतही जाळलेल्या बॉम्बे स्ट्रीटचा राग छत्तीस वर्षे जिवंत होता. तो राग असूनही त्यांनी ते काम केले.

रीड २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये वारले, फादर गेरी रेनल्ड्स २०१५ मध्ये. मठामागची भिंत अजून उभी आहे आणि फॉल्स-शँकिलच्या मधले लॅनार्क वे या रस्त्यावरचे फाटक रात्री बंद होते. १९९४ पासून रेनल्ड्स यांनी एक रिवाज पाडला होता. रविवारी क्लोनार्डचे काही कॅथलिक त्या फाटकातून पलीकडे जात, शँकिलच्या एखाद्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये बाकावर बसत, त्यांची गीते गात, त्यांच्या पाळकाचे प्रवचन ऐकत आणि परत येत. स्वतःला ते एकतेचे यात्रेकरू म्हणवत. सुरुवातीला शेजारच्या बाकावरची माणसे नजर चुकवीत, आणि यात्रेकरू पुढच्या रविवारी पुन्हा जात.